कोऱ्या मडक्यातली शिंदी

या लेखात मला एकाच प्रश्नाचे उत्तर शोधायचे आहे, म्हणून तो सुरुवातीलाच मांडून ठेवतो. हिवाळ्याच्या दिवसांत, आतून चुना न लावलेल्या कोऱ्या मडक्यात रात्रभर ठिबकलेला शिंदीचा रस उजाडण्याच्या सुमारास सरबत असतो की दारू?

प्रश्न किरकोळ वाटेल. ज्यांनी शिंदी कधी चाखली नाही त्यांना तो कळणार नाही आणि ज्यांनी ती भरपूर प्यायली त्यांना तो पडणार नाही. मला तो एका व्यक्तीने विचारला होता, आणि तपासून सांगतो असे मी तिला म्हटले होते. मार्गशीर्ष लागतो, परभणीच्या सकाळी बोलताना तोंडातून वाफ निघू लागते, शहराच्या कडेच्या ज्वारीवरून ओला, गार वास रस्त्यापर्यंत येतो, आणि मला आठवते की एक उत्तर अजून द्यायचे राहिले आहे.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी थोडे स्पष्टीकरण करतो. शिंदी हे ओढ्याकाठी आपोआप वाढणारे, खजुराच्या कुळातले झाड. आमच्या भागात झाडालाही शिंदी म्हणतात आणि त्याच्या रसालाही. थंडी पडली की रस काढणारा झाडाच्या मानेपाशी एका अंगाच्या झावळ्या उतरवतो, तिथला भाग तासून गुळगुळीत करतो, खालच्या टोकाला बोरूची नळी खोचतो आणि संध्याकाळी तिच्याखाली मडके बांधतो. पहाटे उतरवलेला रस पाण्याहून किंचित दाट, गोड आणि पोटाला गार असतो. आमच्या गावात त्याला नुसते ‘गोडी’ म्हणत. ऊन चढते तसा तो पांढरा होत जातो, फेस धरतो, दुपारी आंबट लागतो, आणि संध्याकाळी तो पिणारा माणूस ओढ्यातल्या बेडकांशी भांडू लागतो. दुधापेक्षा ती स्वस्त पडे, त्यामुळे दिवसभर राबणाऱ्याला परवडणारी चैन म्हणजे शिंदीच. निजामाच्या राज्यात झाडांच्या बुंध्यांवर आबकारी खात्याचे नंबर असत, झाडे गुत्तेदाराच्या, म्हणजे मक्ता घेणाऱ्याच्या, ताब्यात असत, आणि गावाबाहेरच्या शिंदीखान्यापुढून जाताना आमच्या घरची माणसे मान दुसरीकडे वळवत.

आमचे गाव बोरीपासून जवळच, जिंतूर तालुक्यातले. घर लिंगायत. सकाळी गळ्यातले लिंग तळहातावर घेऊन पूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोटही घ्यायचा नाही, आणि मद्याचा विषय ओसरीवर निघालेलाही आईला खपत नसे. वडील मी लहान असतानाच वारले होते. मी सरकारी शाळेत मास्तर होतो. घरात आई, मी आणि माझी पत्नी महादेवी.

निजामाच्या राज्यातला तो शेवटचा हिवाळा. तो शेवटचा आहे हे अर्थातच तेव्हा कुणाला माहीत नव्हते. त्याआधीच्या दिवाळीच्या तोंडावर आमचे पहिले मूल जन्मताच गेले. मुलगी होती. आमच्यात पुरतात, तशी मी तिला शेताच्या बांधाशी पुरून आलो. महादेवीचे तळहात आणि तळपाय त्यानंतर सारखे भाजल्यासारखे होत. ती भाकरी थापी, पाणी आणी, गोठा झाडी, पण बोलत नसे. विचारलेल्याचे उत्तर मानेने देई. आईने तिला काही म्हटले नाही. आई कडक स्वभावाची होती, आणि कडक माणसे अशा वेळी गप्प राहतात, एवढीच त्यांची माया.

मी तिला बैलगाडीने परभणीच्या एका वैद्यांकडे नेले. त्यांनी नाडी पाहिली, डोळ्यांच्या कडा पाहिल्या, आणि सूर्य उगवण्याआधीची ताजी शिंदी रोज अनशापोटी द्या, असे सांगितले.  येताना झरी गाव मागे पडल्यावर ताडपत्रीखाली तिने तोंड उघडले. दिवाळीनंतर तिने आपणहून बोललेले ते पहिलेच वाक्य होते, म्हणून मला ते जसेच्या तसे आठवते.

“दीक्षेच्या वेळी स्वामींनी माझ्याकडून मद्य शिवणार न्हाई म्हणून वदवून घेतलंय.”

मी म्हणालो की पहाटेची शिंदी मद्य नव्हे, वैद्यांच्या मते ते सरबतच आहे.

“मग सरबत कुठवर अन् दारू कुठून, ते सांगा. तुमी मास्तर हाय न्हवं?”

मी वर्गात देतो तसे उत्तर दिले. वैद्यांनी सूर्योदयाची मर्यादा घातली आहे, तर सूर्योदय ही सीमा धरावी. ते तिला पटले. नियम स्पष्ट असला की ती तो पाळी. मात्र तिने स्वतःची एक अट घातली.

ओढ्यावर शिंदी उतरवणारा नरसय्या हा उंच, हसतमुख माणूस होता. त्याने गोडीसाठी ठेवलेले मडके महादेवीने वाकून पाहिले. आत पांढरट थर होता. लोकांच्या उष्ट्याचे डाग आहेत असे समजून तिने पदर नाकाला लावला. दुसऱ्याच्या मडक्यातले आपण पिणार नाही, असे तिने मला हळूच सांगितले. पुढच्या आठवडी बाजारात तिने बोरीहून नवे मडके आणले. बोटाच्या पेराने वाजवून आवाज पारखला, दोन दिवस पाण्यात भिजवले आणि राखेने आतून बाहेरून असे घासले की कुंभाराने ते परत मागितले असते. ते नरसय्याच्या हाती देताना तिने मला बोलायला लावले: या मडक्यात झाडाच्या रसाशिवाय दुसरे काही घालायचे नाही. नरसय्याने मडक्यात डोकावले, माझ्याकडे पाहिले आणि सगळे समजल्यासारखी मान हलवली.

आतला तो पांढरा थर चुन्याचा होता. चुन्याने रस आंबायचा थांबतो. शिंदीखान्यात जाणाऱ्या मडक्यांना चुना नसतो, आजाऱ्याच्या आणि लेकरांच्या मडक्यांना असतो. हे सगळ्या गावाला माहीत होते. आमच्यासारख्या, मान वळवून चालणाऱ्या घरांना तेवढे माहीत नव्हते.

त्यानंतरच्या सकाळींविषयी लिहिताना मला माझी लेखणी जरा आवरावी लागते.

शिंदी आमच्या उंबऱ्याच्या आत येणे शक्य नव्हते, म्हणून आम्हीच ओढ्यावर जात असू. महादेवी काळोखातच अंघोळ आणि पूजा आटोपी. आईला एवढेच सांगितले होते की वैद्यांचे औषध ताजे घ्यावे लागते, आणि आईने पुढे काही विचारले नाही. वाटेत हरभऱ्याच्या पानांवरच्या दवाने तिच्या लुगड्याचा काठ भिजे आणि त्याला आंबूस वास येई. ओढ्याच्या वाळूवर रात्रीचा गारवा साचलेला असे. नरसय्या मडके उतरवून दगडावर ठेवी आणि दुसऱ्या झाडाकडे निघून जाई. मडके बाहेरून थंडगार, ओले. तोंडावरचे फडके बाजूला केले की आधी वास येई. त्यात कोवळ्या कणसाचा, ओल्या लाकडाचा आणि कुठेतरी, फार मागे, पिकल्या बोरांचा अंश असे. हा बोरांचा वास आमच्या लक्षात आला होता. त्याचा अर्थ आम्हाला माहीत नव्हता.

पानाचा द्रोण करून आधी मी चाखत असे, मग ती. आम्ही दोघेही नवशिके. नव्या विषयाला मास्तर जसा भिडतो तसा मी भिडलो, आणि थोड्याच दिवसांत ती माझ्यापुढे गेली. झाडाला दोन रात्री विसावा दिल्यानंतरचा पहिला रस पातळ आणि स्वच्छ असतो, लागोपाठ उतरवलेला गढूळ आणि बोथट, हे तिने ओळखले. पाण्यालगतच्या झाडाचा रस भरपूर पण फिका, वरच्या मुरमाड काठावरच्या झाडाचा थोडा पण जिभेवर रेंगाळणारा, हेही तिचेच निरीक्षण. पूर्वेला कललेल्या झाडाचा रस लवकर पांढरा होई. मडक्यापाशी आधी मधमाश्या येतात आणि रस बदलू लागला की चिलटे येतात, म्हणून चिलट दिसले की द्रोण खाली ठेवायचा, असा तिने नियम केला. नरसय्या रोज वेगळ्या झाडाला आमचे मडके बांधी आणि ती झाडांना वर्गातल्या मुलांसारखे नंबर आणि नावे देई. मुरमावरचे झाड ‘हुशार’. पाण्याकाठचे ‘मठ्ठ’. पूर्वेकडचे ‘घाईचं पोरगं’.

“मठ्ठाला औंदा पास करा,” ती म्हणे. “गरीब हाय, पर कष्ट लय करायलाय.”

एके दिवशी मला वाटले की नळी आणि जखम जवळून पाहिली तर आणखी कळेल. मी धोतर खोचून ‘हुशार’वर चढू लागलो. शिंदीच्या खोडाला जुन्या झावळ्यांचे टोकदार खुंट असतात. मी पुरुषभर उंचीवर पोहोचलो, तिथे धोतर अडकले आणि मला वरही जाता येईना, खालीही उतरता येईना. महादेवीने आधी काळजीने पाहिले. मग तिने शाळेतल्या माझ्याच आवाजात मला बाकावर उभे राहायची शिक्षा दिली, आणि ती हसली. हसता हसता वाळूत बसली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. नरसय्या दूरच्या झाडावरून पाहत होता. मी खुंटांना धरून लटकत होतो, हातांना काटे टोचत होते, आणि माझी खाली येण्याची मुळीच इच्छा नव्हती.

त्या दिवसापासून ती बोलू लागली. तळहातांची आग कमी झाली. घरी येताना ती शाळेतल्या मुलांची विचारपूस करी, आणि एकदा, बांधाजवळून जाताना, तिने आपणहून मुलीचा विषय काढला. तिचे नाव काय ठेवायचे तिच्या मनात होते, ते सांगितले. ते नाव मी इथे लिहीत नाही. आई एका सकाळी चुलीपुढे म्हणाली, औषध लागू पडायलंय.

माघ सरत आला, उन्हे तापू लागली, झाडे आटली. शेवटच्या दिवशी नरसय्याने आमचे मडके धुऊन परत आणले. निरोप घ्यायचा म्हणून तो मोकळेपणाने बोलला.

“मास्तर, चुना नको म्हनलाव तवाच वळखलं मी. बाईचं औषध म्हनायचं अन् आपली सोय करायची. असू द्या, कुनाला सांगत न्हाई.”

त्याने चेष्टेने म्हटले होते. मला आधी कळलेच नाही. मी चुन्याविषयी विचारले आणि त्याने सगळे समजावून सांगितले. महादेवी माझ्या मागे उभी होती. नरसय्याच्या समजुतीप्रमाणे दोन महिने शिंदी मी पीत होतो, माझ्या बायकोने आजाराचे सोंग घेतले होते, आणि आमच्या स्वच्छ मडक्यात तो आम्हाला शिंदीखान्याचीच शिंदी इमानाने पुरवत होता.

घरी येईपर्यंत ती माझ्यामागून चालली. गोठ्याशी थांबून तिने मडके वैरणीच्या कोपऱ्यात पालथे ठेवले. मग गळ्यातले लिंग मुठीत धरून विचारले, आपण प्यायलो ती गोडी होती का दारू.

मी म्हणालो, गोडी.

“तपासलं का?”

मी नाही म्हणालो.

“मग पेपर न बघताच नंबर द्यायलाव.” पुढे ती म्हणाली, “दीक्षेचं मी स्वामींना विचारीन, ते सांगतील ते करीन. पर मी हसले, बोलले, लेकीचं नाव घेतलं. ते माझं होतं का त्या मडक्याचं?”

 ती हसली तेव्हा ती बरी होत होती, असे मी म्हणालो. तिने मान हलवली नाही.

“तुमी तपासून सांगा. मी थांबते.”

झाडे आटली होती. पुढच्या हिवाळ्यात तसेच मडके तसेच बांधून, चुन्याचे आणि बिनचुन्याचे शेजारी ठेवून, दोन्ही पाहून सांगतो, असे मी कबूल केले.

पुढचे थोडक्यात सांगतो, कारण ते सगळ्यांच्या घरी घडले. राज्य कुणाचे, यावरून गावोगाव धास्ती पसरली होती. रात्री गाव सोडून जाणारी कुटुंबे वाढली. चैत्रात मी आईला आणि महादेवीला सरहद्दीपलीकडे वऱ्हाडात, महादेवीच्या मामांच्या घरी पोहोचवले आणि परत आलो. नोकरी सोडून पळालो तर मागे राहिलेल्या भाऊबंदांवर संशय आला असता. त्याच उन्हाळ्यात सरकारचे उत्पन्न बुडवायचे म्हणून आमच्या गावच्या तरुणांनी ओढ्यावरच्या शिंद्या तोडल्या. त्यांत माझे जुने विद्यार्थी होते. ते योग्य करत होते, असे मला तेव्हाही वाटत होते आणि आजही वाटते. मी फळ्यावर बेरीज लिहीत होतो आणि कुऱ्हाडीचे घाव वर्गात ऐकू येत होते. ‘हुशार’ कोणत्या घावाला पडले ते मला समजले नाही.

श्रावणात महादेवीला ताप आला. नद्यांना पूर होता. निरोप माझ्यापर्यंत पोहोचला तेव्हा तिला पुरून झाले होते.

राज्य बदलल्यावर आई एकटी परत आली. तिने आपले गाठोडे ओसरीवर ठेवले, पाय धुतले आणि माझ्याकडे न बघता विचारले, “काय तपासायचं होतं रे? ती तापात सारखी इच्यारायची, तपासलं का म्हणून. मी म्हणायची, तपासलंय. मला काय ठाव काय ते.”

मी आईला सगळे सांगितले. ओढा, मडके, चुना, नरसय्याची चेष्टा, दीक्षा, हसणे. आईपुढे मद्याचा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारत होतो. तिने मध्ये एकदाही अडवले नाही. सगळे ऐकून झाल्यावर तिने उंबऱ्याकडे पाहिले.

“थंडी पडली की मला न्हे वढ्यावर,” ती म्हणाली. “मी चाखून सांगते. माझी जीभ कुणाचं उगं भलं बोलत न्हाई.”

मी तिला झाडे तोडल्याचे सांगितले. तरी थंडी पडल्यावर एका पहाटे पूजा आटोपून ती निघालीच, आणि मी तिच्यामागून गेलो. वाळूत खुंट होते. कापलेला भाग करडा पडला होता. आई एकेका खुंटाजवळ थांबली, आणि यातले हुशार कोणते, असे तिने विचारले. मी मुरमाड काठावरचा खुंट दाखवला. तिने त्यावर हात ठेवला, मग हात पदराला पुसला आणि आम्ही परतलो. त्याच दिवशी तिने गोठ्यातले पालथे मडके उचलले, पुन्हा राखेने घासले, घरात आणून देवाच्या खोलीजवळ ठेवले आणि त्यात पिण्याचे पाणी भरले. ते मडके फुटेपर्यंत ती दुसऱ्या भांड्यातले पाणी प्यायली नाही.

आईच्या दृष्टीने निकाल लागला होता. पण ते उत्तर नव्हते.

गेल्या आठवड्यात स्टेशनच्या रस्त्यावर एका हातगाडीवाल्याकडे मला नीरा दिसली. पाटीवर मोठ्या अक्षरांत आरोग्यदायी असे लिहिले होते. मी मडक्याला चुना लावता का, असे विचारले. तो म्हणाला, “बाबा, मडकं कुठलं? कॅनमधली हाय, बर्फात ठेवलेली. नशेचं नावच न्हाई.” मी एक पेला घेतला. गोड होती, गार होती, मागे बोरांचा वास नव्हता. पेला निम्मा झाल्यावर मला पुढे पिववेना, आणि त्याला वाटले मला चव आवडली नाही.

इतक्या वर्षांत मी दोन्ही बाजू पुष्कळदा मांडून पाहिल्या आहेत. मडके कोरे होते, थंडी कडाक्याची होती, आणि थंडीत रस सावकाश आंबतो. त्यामुळे पहिल्या पहिल्या सकाळी तरी तो गोडच असला पाहिजे. उलट, मातीच्या भांड्याच्या छिद्रांत आंबवण मुरते, ते राखेने निघत नाही, आणि तेच मडके पुन्हा पुन्हा वापरले तर रस दिवसेंदिवस लवकर चढतो. मधमाश्या येत होत्या, हे पहिल्या बाजूला. बोरांचा वास येत होता, हे दुसऱ्या बाजूला. मी धोतर अडकून लटकत होतो तो दिवस सुरुवातीच्या दिवसांतला की नंतरचा, हे मला आता नक्की आठवत नाही. तो सुरुवातीचाच होता, असे मला वाटते. मला तसे वाटावे, यातच सगळी अडचण आहे.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी शिंदी कुठे शोधलीच नाही, असे नाही. दोनदा परजिल्ह्यात उतरणाऱ्या शिंदीपर्यंत पोहोचलो. दोन्ही वेळा मडक्यापाशी जाऊन परत फिरलो. परीक्षकाने आपल्या घरच्या मुलाचा पेपर तपासायचा नसतो, हा नियम मी नोकरीभर पाळला. इथे तर उत्तर काय यावे, हे मी आधीच ठरवून बसलेलो आहे. तो रस सरबत निघावा, म्हणजे ते हसणे तिचे ठरेल. असा माणूस जे सांगेल त्यावर ती विश्वास ठेवणार नाही, आणि तुम्हीही ठेवू नये.

म्हणून वाचकांना एक विनंती आहे. थंडीच्या दिवसांत तुमच्याकडे कुठे शिंदी उतरत असेल, तर एक कोरे मडके घ्या. दोन दिवस पाण्यात भिजवा, राखेने आतून बाहेरून घासा, चुना लावू नका. संध्याकाळी झाडाला बांधा, आणि सूर्य दिसण्याआधी उतरवून चाखा. चिलटे आली आहेत का तेही पाहा. मी इथे लिहिलेल्या कोणत्याही बाजूवर विसंबू नका. स्वतः तपासून पाहा.